गिटारीला ट्रॅक्टरचं पॉलिश

न्हाई न्हाई, ही लिंबाच्या वासाची पॉलिशची बाटली आधी बॅगेत घाला — आणि ती निळी पण. दुकानात पाय ठेवल्यापासून तुम्ही एकच वाक्य बोलून राह्यले, ‘मॅडम, सगळ्या गिटारींना चालतं.’ सगळ्या म्हणजे कोणत्या? ही वर लटकलेली लाल बघा — हिच्यावर काचेसारखा जाड थर आहे, तोंड दिसंल तुम्हाला त्यात. ही तिच्या शेजारची मॅट — हिला चमक न्हाईच, बनवणाऱ्यानं मुद्दामच दिली न्हाई. आणि ती कोपऱ्यातली माझ्या वडलांच्या वेळची — तिच्यावर जुन्या पद्धतीचं लॅकर, म्हणजे रोगण, इतका पातळ हात की उन्हाळ्यात घामेजलेलं मनगट टेकलं तरी चिकट होती. तिघींना एकच बाटली? तुमच्या घरी आजोबाला आणि तान्ह्या लेकराला एकच गोळी देता का? हसू नका, मी खरंच विचारून राह्यले. आणि बसा. उभ्यानं बाटल्या नाचवल्या म्हणून मी जल्दी विकत घेईन असं न्हाई.

यात सिलिकॉन आहे का? — एवढं सरळ विचारलं तर तुम्ही बाटलीवरचं वाचून राह्यले. वाचा, सावकाश वाचा. लिहिलेलं न्हाई? मंग आहे. नसतं तर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं की यात सिलिकॉन नाही — चांगली गोष्ट कंपनी कधी लपवत न्हाई. इकडं द्या, एक थेंब बोटाला लावा, चोळा. आता तो तांब्या घ्या आणि धुवा. गेलं का? पाणी कसं मोत्यासारखं पळून राह्यलं बघा. संध्याकाळपर्यंत तुमचं बोट असंच राहील, भाकर खाताना कळंल. संभाजीनगरहून जालन्यापर्यंत आले, तीन बाटल्या आणल्या, आणि आत काय आहे ते ठाऊक न्हाई. बाहेर बोर्डावर उत्तमचंद नाव आहे ना, ते माझे वडील. त्यांच्यानंतर तीस वर्षं मी बसून राह्यले इथं, साधना म्हणतात मला, पण बोर्ड बदलला न्हाई — बाईचं नाव बघितलं की तुमच्यासारखे लोक जास्तच समजावून सांगतात.

आणि गिऱ्हाईक म्हणाल तर ते तुमच्याहून वरचढ. इथल्याच मस्तगड भागातल्या एका डॉक्टरीणबाईंनी खोबरेल लावलं होतं, केसाला लावतात ते — वर धूळ बसून गिटारीची गोधडी झाली. एकानं काच पुसायचं पाणी मारलं, एकानं दात घासायची पेस्ट. मी सगळ्यांना तेच सांगते, तुम्हालाही सांगते, लिहून घ्या हवं तर — आधी काही लावायचंच न्हाई. तोंडाची वाफ मारायची आणि जुन्या धुतलेल्या बनियनच्या फडक्यानं पुसायचं, निम्म्याच्या वर घाण तिथंच जाते. मंग चकचकीत गिटार असंल तर पॉलिश, तेही थेंबभर, फडक्याला लावून, गिटारीवर ओतून न्हाई. जुन्या लॅकरवाल्या गिटारीला फार तर साधं मेण, तेही वर्षातून एकदा. लिंबाचं तेल फक्त त्या काळ्या पट्टीला, जिथं बोटं दाबतात — बाकी अंगाला न्हाई. आणि मॅटला पॉलिश बिलकुल न्हाई. मॅट घासली की इथं चमकती, तिथं न्हाई, क्लार्कच्या पॅंटच्या बैठकीसारखी. तुम्ही म्हणता सिलिकॉननं असं काय मोठं होतं? काकासाहेबांना विचारा जाऊन. न्हाई, त्यांना नका विचारू. मीच सांगते.

काकासाहेब म्हणजे बदनापूरचे. तिथल्या शेतकी संशोधन केंद्रात अठ्ठावीस वर्षं ट्रॅक्टर चालवला, मागच्या वर्षी रिटायर झाले. बायको सहा वर्षांखाली गेली, एक मुलगी, वंदना, ती नाशिकला सासरी. पांढरा शर्ट, पांढरी मिशी, चप्पल बाहेर काढून दुकानात आल्ते — दुकानात, सांगा, कोण चप्पल काढतं? मला वाटलं नातवासाठी घेऊन राह्यले. तर म्हणले मलाच पाहिजे. मी विचारलं या वयात कशाला, तर हात पुढं केले, असे, दोन्ही, आणि म्हणले, ‘बाई, रिटायर झाल्यापासून हे रिकामे हायेत.’ सगळ्या दुकानात त्यांनी मॅटच निवडली. म्हणले, ही लाकडासारखी दिसती. मंग विचारू लागले शिकवतं कोण. जालन्यात क्लास आहेत, पण सगळे वीस-बावीस वर्षांच्या मास्तरांचे, तिथं हे लेकरांत मांडी घालून कुठं बसणार — म्हणून मी म्हणलं, मंगळवारी सकाळी गर्दी नसती, या, दोन सूर मी दाखवीन. बस, एवढंच. माणुसकी म्हणून.

तर दर मंगळवारी दहाच्या गाडीनं येऊ लागले. शिकायला अगदी ठोंब्या — एका तारेवर बोट ठेवलं की दोन दाबल्या जायच्या, बोटं म्हणजे नांगराचे फाळ. मी बोलायची, काकासाहेब, तार आहे ती, क्लच न्हाई. ते हसायचे आणि परत दाबायचे. पहिल्या वेळी पिशवी भरून ओला कांदा, लसूण, रताळी घेऊन आल्ते. मी म्हणलं, आम्ही जैन, आमच्यात जमिनीखालचं चालत न्हाई. ते खाली मान घालून पिशवी परत घेऊन गेले. त्यानंतर मोसंबी आली, तुरीच्या शेंगा आल्या, हरभऱ्याचे डहाळे आले, सीताफळ आलं — वर्षभरात जमिनीखालचं काही आलं न्हाई. मी सांगितलं एकदा, तेही रागानं, आणि त्यांनी ध्यानात ठेवलं. — तसं काही न्हाई, मी उगाच सांगून राह्यले. पॉलिशचं चाललं होतं ना आपलं.

आमची पलक, म्हणजे माझ्या पुतण्याची बायको, तिचं तोंड फार चालतं. हे दुकान काढून इथं मोबाइलचं टाकावं असं त्या दोघांच्या डोक्यात केव्हाचं आहे. ती एकदा स्वयंपाकघरात सगळ्यांसमोर म्हणली, भुवाजी — आमच्यात आत्याला म्हणतात, म्हणजे मी — मंगळवारी चांगली साडी नेसून जातात. मी बावन्न वर्षांची, लग्न केलं न्हाई, साडी मी रोजच चांगली नेसते. पण जेवण तसंच ताटात राहिलं त्या दिवशी. आणि पुढच्या मंगळवारी ही बया सकाळीच दुकानात येऊन बसली — हिशेब शिकायचाय म्हणून. हिशेब न्हाई शिकायचा, बघायला आल्ती.

आणि नेमके त्याच दिवशी काकासाहेब गिटार चमकवून घेऊन आले. तीन दिवस घासली होती. ट्रॅक्टरच्या पुढच्या पत्र्याला, डॅशबोर्डला मारतात ना ते पॉलिश, बाटलीत मिळतं, सगळं सिलिकॉन — ते अख्खं ओतलेलं. मॅट गिटार, आणि अशी चकाकून राह्यलेली की बघवत न्हाई, मधेच चमक, मधेच फिक्कं. आणि चेहरा असा, जसं काही नवरदेवाचा घोडा सजवून आणला. म्हणले आज एक गाणं पुरं वाजवून दाखवतो, त्याच्यासाठी स्वच्छ केली. दुकानात चार गिऱ्हाईकं होती. पलक गल्ल्याजवळ बसून माझ्याकडं बघून राह्यलेली, ओठ दाबून. मला काय झालं ठाऊक न्हाई. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलं, ‘काकासाहेब, ही गिटार आहे, ट्रॅक्टर न्हाई. तुमच्या हातांना फरक कळतच न्हाई का?’ गिऱ्हाईकं हसली. पलक हसली. मी पण हसले.

ते हसले न्हाईत. गिटार आडवी धरून हळूच विचारलं, हे निघंल का. मी म्हणलं, ‘निघत न्हाई. मुरलं आतमध्ये. आता हिला कोणी हात लावणार न्हाई.’ त्यांनी गिटार पिशवीत घातली, चप्पल घातली, गेले.

निघालं असतं. — हो, काय बघता? सगळं न्हाई, घासल्याची चमक राहिली असती थोडी, पण सिलिकॉन निघालं असतं. ड्रायक्लीनवाले डागाला वापरतात ते पांढरं पेट्रोल, फडक्यावर घेऊन तीन-चार हात पुसलं की बराबर निघतं. या ड्रॉवरमध्ये बाटली होती, माझ्या गुडघ्याला लागून. मला ठाऊक होतं. तीस वर्षं तेच करून राह्यले मी. पण पलकसमोर त्या माणसाची गिटार मांडीवर घेऊन पुसत बसायचं — न्हाई जमलं. त्यांना जल्दी घालवून द्यायचं होतं मला.

पुढच्या मंगळवारी आले न्हाईत. त्याच्या पुढच्याही न्हाई. तिसऱ्या मंगळवारी मी दुकान अकराला बंद केलं, ती बाटली पर्समध्ये टाकली आणि बदनापूरला गेले. वडील गेले त्या दिवसानंतर पहिल्यांदा दुकान चालू दिवशी बंद ठेवलं. स्टेशनवर विचारत विचारत घर सापडलं. काकासाहेब ओसरीत बसले होते, मला बघून उठले, खुर्ची पुसली. गिटार भिंतीला टेकवलेली. मी बघितली आणि पर्स उघडलीच न्हाई. त्या माणसानं माझं खरं मानलं होतं. निघत न्हाई म्हणलं ना मी — तर त्यांनी गावातल्या सुताराकडून अख्खं तोंड पॉलिशपेपरनं घासून घेतलं, लाकूड उघडं पाडलं, आणि वरून नवीन लॅकर मारलं. घासताना सिलिकॉन उघड्या लाकडात गेलं. आणि सिलिकॉनवर लॅकर धरत न्हाई, जागोजाग फाटतं, खड्डे पडतात. देवी आलेल्या माणसाच्या तोंडासारखी झाली होती ती. आता मात्र खरंच काही निघणार न्हवतं. आणि मी काय म्हणलं माहितीये? मी म्हणलं, ही सुतारकी तुम्हाला कोणी सांगितली होती. तेवढंच येतं मला.

त्यांनी आत जाऊन चहा करून आणला. मी एक घोट घेतला, तिखट लागला, म्हणलं यात आलं आहे का, मला चालत न्हाई. तर म्हणले, ‘आलं न्हाई बाई, सुंठ हाय. वाळलेली चालती तुमच्यात, मी विचारून घेतलं.’ कोणाला विचारलं, कधी विचारलं — तीन आठवडे त्यांनी माझं तोंड बघितलं न्हवतं, आणि घरात सुंठ आणून ठेवलेली. मी चहा पुरा पिले.

स्टेशनपर्यंत सोडायला आले. गाडी लेट होती, बाकावर बसलो, मधे माझी पर्स. ते मला म्हणले की आता वाजवत न्हाई, तुम्ही बराबर म्हणलात, या हातांना फरक कळत न्हाई. गाडीचा आवाज आला तेव्हा ते उठले आणि पलीकडं बघत विचारलं, ‘साधनाबाई, घासून झाल्यावर वंदनानं नाशिकहून मला मोबाईलवर पाठवून दाखवलं. ते पुसून निघतं म्हणं, पांढऱ्या पेट्रोलनं. तुम्हाला ठाऊक न्हवतं का?’

आता तुम्ही सांगा, काय उत्तर द्यायचं? ठाऊक होतं म्हणलं तर मी कसली बाई ते त्यांना कळतं. ठाऊक न्हवतं म्हणलं तर मी तीस वर्षं कशाला बसले इथं? माझ्या वडलांनी मला दुसरं काही दिलं न्हाई, एवढीच विद्या दिली. सगळं जालना माझ्याकडं गिटार घेऊन येतं. मी म्हणलं, ‘न्हाई काकासाहेब. मला ठाऊक न्हवतं.’ त्यांनी बाकावरची माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली. मंग म्हणले, ‘मंग ठीक हाय.’ आणि डब्याचं दार धरून मला वर चढू दिलं. त्यांना खरं वाटलं की न्हाई, मी आजपर्यंत विचारलं न्हाई.

पुढच्या मंगळवारी आले. तीच खड्ड्यांची गिटार घेऊन. वाजवतात अजून, तारा अजून दोन-दोन दाबतात. पण आता दुसरंच चालू झालंय — मला यातलं कळत न्हाई अशी त्यांची खात्री झाली, मंग ते मला शिकवून राह्यले. मोबाईल काढतात, चश्मा लावतात, म्हणतात, ‘बाई, हे बघा, मॅटला पॉलिश लावायचं नसतं.’ मी म्हणते असं का. परवा म्हणले, बाई, सिलिकॉन म्हणून एक प्रकार असतो, सांभाळा हं. मी म्हणलं, बरं झालं सांगितलंत. पलक समोर बसलेली असती, बाजारात कोणाला कळलं तर माझं नाक कापलं जाईल असं तिला वाटतं. आणि मी मान हलवत बसते. कारागीर लोकांना मी याच खुर्चीवरून रडवलंय, आणि एका ट्रॅक्टरवाल्याकडून मी पॉलिश शिकून राह्यले.

कशाला सांगितलं मी तुम्हाला हे? उठा. बाटल्या उचला, तिन्ही, एक पण ठेवून जाऊ नका, नमुना म्हणून पण न्हाई. आज मंगळवार आहे, दहाची गाडी येऊन गेली असंल. खाली पायरीवर पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ भेटतील, चप्पल काढत असतील. ते बाटली मागून बघतील, दाखवा. सिलिकॉन आहे का विचारतील, खरं सांगा, आहे म्हणून. आणि बाईंनी का घेतलं न्हाई असं म्हणले — तर सांगा, बाईंना यातलं काही कळत न्हाई. जा आता.