पहिला चेंडू पडेपर्यंत

मुलगी : आई, इथून हलू नकोस म्हटलं होतं ना? कुठे गेली होतीस?

आई : बाथरूमला. तुझं नाव पुकारलं की काय?

मुलगी : अजून नाही. पण यादीवाल्या बाईंनी मघाशी खूण केली. एकीचा पाय मुरगळलाय. सरावाला आली ती लंगडतच परत गेली. माघार घेणार म्हणे.

आई : अगं बाई! बिचारी.

मुलगी : बिचारी काय? काल मी पात्रता फेरीत हरले, पण हरलेल्यांच्या यादीत पहिलं नाव माझं आहे. ती हटली की तिच्या जागी मी. मुख्य स्पर्धेत, आई! दोन वर्षांत पहिल्यांदा.

आई : माहितीय गं. तुझ्या बाबांचे सकाळपासून तीन फोन झाले. ‘कुणी आजारी पडलं का?’ इतक्या जिव्हाळ्याने त्यांनी माझ्या आईचीही कधी चौकशी केली नव्हती.

मुलगी : हसू नकोस.

आई : मग काय करू? एकतीस वर्षं वॉर्डात काढली, माणसं बरी व्हावीत म्हणून. आणि आज रजा टाकून इथे टेनिस कोर्टापाशी बसलेय, कुणाचं तरी दुखावं म्हणून!

मुलगी : दुखावं असं नाही. तिने फक्त खेळू नये.

आई : बरं. फक्त खेळू नये.

मुलगी : साडेदहाची मॅच आहे. पहिला चेंडू पडेपर्यंत तिला नाही म्हणता येतं. आता दहा वाजून वीस मिनिटं झाली. ...तुझ्या हाताला कसला वास येतोय?

आई : मलमाचा. बेसिनपाशी एक पोर रडत बसली होती, घोटा धरून.

मुलगी : कुठला घोटा?

आई : डावा. हाड शाबूत होतं, दाबून पाहिलं मी. सूज थोडीच, पण घाबरलेली फार. बर्फ मागवला, मलम लावलं, तुझ्यासाठी आणलेली पट्टी छान आवळून बांधली. उठली, चार पावलं पळून बघितली आणि माझ्या गळ्यातच पडली!

मुलगी : पिवळी टोपी होती?

आई : हो. तुला कसं...

मुलगी : आई!

आई : अगं देवा.

यादीवाल्या बाई : इथे आहेस होय? तुलाच शोधत होते. वाईट वाटतं गं, पण ती खेळतेय. आत्ताच सांगून गेली. कुणी तरी देवमाणूस भेटलं म्हणे.

मुलगी : हे काय, इथेच बसलंय.

यादीवाल्या बाई : म्हणजे... तुम्ही? अहो, पण मग... असू दे. निघण्यापूर्वी माझा गुडघा जरा बघाल का?

आई : बघते. पाच मिनिटं द्या आम्हाला.

(बाई जातात. बाहेर टाळ्या, मग चेंडूचा पहिला आवाज.)

आई : पडला वाटतं.

मुलगी : पडला.

आई : ती तीच आहे हे मला कुठे ठाऊक होतं?

मुलगी : ठाऊक असतं तर नसती बांधलीस?

आई : बांधली असती. इतकी चांगली नसती बांधली.

मुलगी : खोटं बोलतेस.

आई : हो. ...आणि तू? काल दुसऱ्या सेटपासून बाटली डाव्या हाताने उघडत होतीस.

मुलगी : सवय आहे.

आई : आज वेणी माझ्याकडून घालून घेतलीस. तीही सवय? दहा वर्षांची असल्यापासून केसांना हात लावू देत नाहीस.

मुलगी : मनगट थोडं दुखतंय. सांगितलं असतं तर तू खेळू दिलं नसतंस.

आई : नसतंच दिलं.

मुलगी : मग?

आई : मग काही नाही. ती परकी पोर माझ्यापाशी मोकळेपणी रडली. माझी मात्र मनगट लपवत बसली. त्याचं वाईट वाटतं, बस.

मुलगी : आज नाव पुकारलं असतं ना, तर मी तशीच उतरले असते.

आई : ठाऊक आहे.

मुलगी : ...पट्टी उरलीय का गं?

आई : अर्धी आहे. आण हात.