पाठवा की पाठवूया?

...आता खुर्चीचंच घ्या ना! आमच्या कंपनीत खुर्ची अशी आहे, की बसलात की तीच शोधून काढते ह्याची पाठ कुठे दुखते, आणि बरोबर तिथे टेकू देते. आता पाठ दुखते ती दिवसभर त्याच खुर्चीत बसून, हे तिला कोण सांगणार? जेवण फुकट, कॉफी फुकट, डुलकी काढायला वेगळी खोली, फक्त त्या खोलीत अजून कोणी डुलकी काढलेली नाही, कारण तिचं दार काचेचं आहे आणि समोर साहेब बसतात! पण तक्रार नाही हं माझी, कंपनी चांगलीच आहे.

अडचण होते ती घरी. माझा दादा सुतार. घराचं दार त्याने केलंय आणि आई आल्यागेल्याला ते उघडून, लावून दाखवते, "थोरल्याने केलंय, बघा कसं अलगद लागतं!" मग पाहुणा विचारतोच, "आणि धाकटा?" "तो मोठ्या कंपनीत आहे." "काय करतो?" झालं... आई दार पुन्हा एकदा लावून बघते! मग हळूच म्हणते, "कॉम्प्युटरवर असतो," अगदी घरातल्या आजारी माणसाबद्दल बोलावं तशी! मला वाईट वाटायचं हो. मला काय पाहिजे होतं? एवढंच, की एकदा तरी आईला दाखवावं, हे बघ आई, हे मी केलंय.

आणि मी करतो काय? बटण! आमच्या ॲपमध्ये फोटो पाठवायचं बटण असतं बघा, त्यावर आपल्या भाषेत लिहिलेलं असतं 'पाठवा', ते एवढं एक बटण माझ्याकडे. मी आल्याआल्या म्हटलं, साहेब, 'पाठवा' म्हणजे हुकूम सोडल्यासारखं वाटतं, आपण 'पाठवूया' करूया, कसं आपुलकीचं! साहेब म्हणाले, "छान! मीटिंग घेऊ." मीटिंग घेतली, त्यात ठरलं की मोठी मीटिंग घ्यायची. मोठ्या मीटिंगमध्ये डिझाइनवाली म्हणाली, "एक अक्षर वाढतंय, बटण लठ्ठ दिसेल." मग कंपनीचे वकील घसा खाकरून म्हणाले, "पाठवूया, म्हणजे आपण दोघं मिळून पाठवणार... उद्या कोणी भलताच फोटो पाठवला, तर निम्मे आरोपी आपण!" तेवढ्यात साहेब बदलले. नवे साहेब म्हणाले, "मला पहिल्यापासून सांग." सांगून होतंय न होतंय तोच तेही बदलले! इकडे दादाच्या मुलीला दात आले, ती चालायला लागली, उलट उत्तरं द्यायला लागली, आणि माझं बटण आपलं जागच्या जागी! पण तक्रार नाही हं माझी.

आणि एके दिवशी, तुम्हाला सांगतो, मंजूर! मी तडक आईला फोन केला, "आई, सोमवारी तुझ्या फोनवर 'पाठवूया' येईल. ते मी केलंय." आईचा आवाज असा काही फुलला, की मला भरूनच आलं.

सोमवारी आईचा फोन. "अरे, इथे तर पाठवाच आहे!"

आता आमच्याकडची पद्धत सांगतो. काहीही नवं केलं की आधी थोड्या लोकांवर चाचणी, त्यातल्या अर्ध्यांना नवं बटण, अर्ध्यांना जुनंच, जे जास्त दाबलं जाईल ते राहणार, दुसरं कचऱ्यात. कोण कुठल्या अर्ध्यात, ते मशीन ठरवतं. आई निघाली जुन्यात... आणि शेजारच्या काकू नव्यात! "तुझं बटण काकूंकडे कसं गेलं रे? पत्ता चुकला का?" मी म्हटलं, "आई, जरा वाट बघ."

पण आई कसली वाट बघतेय! तिने सगळ्या गोतावळ्याला फोन लावले, "धाकट्याचं बटण यायचंय, दाबत राहा! दाबल्याशिवाय कसं येणार?" ज्यांच्याकडे नवं होतं त्यांनी एकदा दाबलं, "आलं हो!" म्हणाले आणि फोन ठेवून कामाला लागले. ज्यांच्याकडे जुनं होतं ते बसले दाबत! मावशीने आईला चपलेचा फोटो पाठवला. डावी. मग उजवी. मामाने पंख्याचा पाठवला, बंद असताना आणि चालू असताना. दादाने दाराचा पाठवला, आतून, बाहेरून, अर्धवट उघडून... अहो, कुठलं बटण दाबत होते? जुनं! माझी माणसं माझ्याच प्रेमापोटी माझ्याच बटणाचा निकाल लावत होती, आणि मला पत्ता नाही!

ऑफिसात साहेब आकडे बघून हरखले. "विलक्षण! लोकांचं 'पाठवा'वर केवढं प्रेम आहे!" मी आलेख बघितला. दुपारी जेवणं झाली की रेघ एकदम खाली बसते, आणि चहाच्या वेळेला उसळते... मी ओळखलं ना, ही तर मावशीची झोपायची वेळ! आईला विचारलं, तर सगळंच बाहेर आलं. आता साहेबांना काय सांगू? तुम्ही ज्यांना लोक लोक म्हणताय, ती माझी मावशी आहे, असं?

शेवटी धीर करून म्हटलं, "साहेब, ह्यात थोडे आमच्या घरचे आहेत." साहेब मोठ्यांदा हसले, पाठीवर थाप मारली, "वा! युजरला घरचं मानतोस, हीच आपल्या कंपनीची भावना!" झालं. 'पाठवूया' गेलं कचऱ्यात, मला मिळाली बढती, आणि काम काय, तर 'पाठवा' सांभाळायचं. त्याला हात लावायचा नाही, नुसतं सांभाळायचं! तक्रार कुणाकडे करणार, सांगा?

मन घट्ट करून आईला फोन केला. म्हटलं, "आई, माझं बटण हरलं गं. आता ते जुनंच माझ्याकडे दिलंय." मी म्हटलं, आता आई रडते वाटतं.

"म्हणजे माझ्या फोनवर आहे ते तुझं?"

"हो... आता माझंच."

"आणि काकूंकडचं?"

"ते निघेल. त्यांच्याकडेही आता हेच येईल."

"बघ!" आई म्हणाली. "एवढ्या मिरवत होत्या, शेवटी त्यांनाही आपलंच घ्यावं लागलं!"

मी म्हटलं, "हो, आई."