गिटारीत भरलेला हात

गिऱ्हाइकाला ‘होत नाही’ म्हणायची मला सवय नाही, तिथेच फसलो बघा! मूर्तिजापूरच्या संघमित्राताई अमरावतीच्या माझ्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात गिटार घेऊन आल्या.

“भाऊ, उद्या माहा पयला कार्यक्रम हाये. ढोलकीपुढं हिचा आवाजच ऐकू येत नाही. पिकअप बसवून द्या.”

पिकअप म्हणजे आवाज पकडून स्पीकरला पोचवणारी टिकली, आतून चिकटवायची. पण या गिटारीला मधलं गोल भोकच नव्हतं. वरच्या कोपऱ्यात आंब्याच्या पानाएवढी फट. माझा हात जाईना. ताईंचाही अंगठ्यापाशी अडकला. त्यांचा चेहरा उतरला.

शेजारच्या बांगडीवाल्या शांतामावशी हे सगळं पाहत होत्या. उठून आल्या.

“सरका तिकडं, शेठ. पोरी, हात ढिला सोड. अंगठा तळव्यात घे.”

त्यांनी पावडर लावली, पंजा दाबला आणि चुडा भरावा तसा ताईंचा हात गिटारीत सरकवला! टिकली बसली, हातही सुखरूप बाहेर आला.

ताईंनी तारा छेडल्या. स्पीकर असा दणाणला की त्या थांबेचनात.

मावशी आपल्या दुकानातून ओरडल्या, “हळू वाजव वं माय! मले गिऱ्हाईक काय म्हणते ते ऐकूच येऊन नाही राह्यलं!”