सकाळची खबर

(पूर्णा. टपाल कचेरीतली ट्रंक कॉलची खिडकी.)

आश्रुबा: मग अजून एक कॉल लावा ना, दत्तराव साहेब. येईल लवकर.

दत्तराव: नाही येत, आश्रुबा. तिसरा लावला तर तो मागं जाऊन उभा राहील. सिकंदराबादला दोन लावलेत, तेवढे पुरे. लाईन मोकळी झाली की घंटी वाजेल.

बायनाबाई: कवा वाजंल?

दत्तराव: ते माझ्या हातात नाही, बाई. दवाखान्याचा आधी येईल का जावयांच्या घराजवळच्या दुकानाचा, तेही सांगता येत नाही. जावई काय करतात तिकडं?

आश्रुबा: पंडित? रेल्वेत हाय. त्यानंच गार्डासंगं निरोप धाडला. कासाबाई बाळंतपणात अडलीय, निघून या. मेंढरं सोबतच्या येडबाच्या हवाली केली अन् आलो. मी म्हणतो कॉल सोडा, गाडी धरू.

बायनाबाई: अन् गाडीत जीव टांगून बसू? तुमी तिकिटं काढा. मी हितंच थांबते.

आश्रुबा: फोन धरलाय का कवा?

बायनाबाई: न्हाई. धरीन.

आश्रुबा: आलोच मग.

दत्तराव: वाजली बघा. हालो, पूर्णा... हां, द्या. बाई, दुकान लागलंय. हे कानाला लावा, इकडून बोला.

बायनाबाई: हालो. मी कासाबाईची माय... काय? साहेब, ह्यो हिंदीत बोलायलाय. ऑपरेशन म्हणायलाय. खून बहुत गया म्हणायलाय.

दत्तराव: द्या इकडं. भाई, ये कब की बात है?... सुबह की? उसके बाद पंडित आया था?... नहीं. ठीक है. बाई, ऐका. जावई सकाळी दुकानात येऊन गेले, तेवढंच ह्याला ठाऊक. पुढचं माहीत नाही.

बायनाबाई: म्हंजी लेक हाय का न्हाई?

दत्तराव: ते दवाखाना सांगेल. तो कॉल यायचाय अजून.

आश्रुबा: चल, तिकिटं काढली, गाडीचं सिंगल पडलंय. अगं, अशी का बसलीस?

बायनाबाई: रगत लय गेलं म्हणं.

आश्रुबा: मग ऊठ की!

बायनाबाई: ती सकाळची खबर हाय. आत्ताची ऐकल्याबिगर माझे पाय उचलायचे न्हाईत. तुमी व्हा पुढं. मी मागल्या गाडीनं येते.

आश्रुबा: एकली?

बायनाबाई: एकली.

आश्रुबा: सरक जरा तिकडं.

बायनाबाई: गाडी जाईल.

आश्रुबा: जाऊ दे.

दत्तराव: पाणी घ्या दोघं. माठ त्या कोपऱ्यात आहे.

बायनाबाई: शिट्टी झाली बघा.

आश्रुबा: झाली.

दत्तराव: आश्रुबा, या लवकर. दवाखाना. जावईच आहेत.

आश्रुबा: पंडित? बोल... थांब, आधी हे सांग, कवाची खबर सांगायलास?... आत्ता बघून आलास?... बरं... बरं बाबा. अगं, शुद्धीवर हाय. दुपारी ऑपरेशन झालं. पोरगी झालीय.

बायनाबाई: अन् पोरगी?

आश्रुबा: चांगली हाय. घे, बोल त्याच्यासंगं.

बायनाबाई: हालो...

दत्तराव: बोला की, बाई. कट होईल.

बायनाबाई: श्श. लेकरू रडायलंय.

दत्तराव: दवाखान्याचा फोन खाली त्यांच्या कचेरीत असतो, बाई. ते दुसऱ्या कुणाचं असेल.

बायनाबाई: असू द्या. ऐकू द्या जरा.