गाडीला काही होता कामा नये

...आणि वर मलाच म्हणतो, "आई, दार हळू लाव!" आता तुम्हीच सांगा, हळू म्हणजे किती हळू? मी आपलं तान्हं मूल झोपलेल्या खोलीचं लावावं तसं लावलं, तर म्हणे लागलंच नाही, परत लाव. परत लावलं, तर हा छातीवर हात धरून उभा, जसं काही मी दार गाडीला नाही, त्याच्या बरगडीतच घातलंय! "आई, तू काहीही कर, पण गाडीला काही होता कामा नये!"

हा म्हणजे माझा थोरला. कारखान्यात स्टोअरकीपर आहे. आलेली वस्तू आत ठेवायची, कुलूप लावायचं, आणि कुणी मागायला आलं की आपल्या अंगातलं रक्त मागतोय असं तोंड करायचं, हेच काम उभा जन्म केलं. मग सांगा, अशा माणसानं गाडी घ्यावी? पण घेतली हो, आणि कारण चांगलं होतं, खोटं कशाला बोलू! ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, लांब राहतात, पार डोंगरापलीकडे. त्यांची नजर चालली. डॉक्टरनं सांगितलं, आता यावर औषध नाही. तर वन्संचा फोन, "अरे, तुझं नाक दिसेल एवढी नजर आहे अजून, तेवढ्यात येऊन जा." ह्यांचं नाक म्हणजे लांबूनही दिसावं असंच आहे, तो भाग वेगळा. पण ह्यांचा गुडघा वाकत नाही, बसची पायरी चढायची म्हणजे दोघांनी खालून ढकलायचं आणि एकानं वरून ओढायचं. म्हणून थोरल्यानं शब्द दिला, "बाबा, मी गाडी घेतो. तुम्हाला आत्याच्या दारात नेऊन उतरवतो."

ह्यांचे डोळे भरून आले. त्याच दिवशी पिशवी भरली.

गाडी आली. नवी कोरी. मी म्हटलं, चला! तर थोरला म्हणाला, "अशी उघडी कशी नेऊ?" उघडी? अहो, गाडी होती की लेकीचं बाळ? आणि गेला सामानाच्या दुकानात. तो दुकानदार म्हणजे मधात बुडवलेला माणूस. "साहेब, सीटवरचं प्लास्टिक काढू नका, त्यावर कव्हर घाला, कव्हरवर टॉवेल. पायाखाली मॅट, मॅटवर मॅट. पुढं गार्ड, मागं गार्ड, दारांच्या कडांना पट्टी, आरशाला टोपी. स्टिअरिंगला कुलूप, गिअरला कुलूप. आणि सायरन तर हवाच, साहेब, हल्लीचे दिवस!" थोरला प्रत्येकाला मान हलवतो. मी मागं उभी राहून म्हटलं, "आणि माणसं कुठं बसवायची?" दुकानदार म्हणाला, "आजी, त्यांच्यासाठी जागा ठेवलीय की."

सायरन बसला आणि घरातली शांतता उठली. मांजर गेली, सायरन. पान पडलं, सायरन. शेजारची शिंकली, सायरन! थोरला साबण लावलेल्या अंगानं टॉवेल गुंडाळून जिन्यातून खाली. सून वरून ओरडते, "अहो, निदान टॉवेल तरी धरा!" हा खालून ओरडतो, "माझं काही होऊ दे, गाडीला काही होता कामा नये!"

मग आला विमावाला. टाय लावलेला, बोलायला लागला की श्वास घ्यायला विसरणारा. "साहेब, धडकेचा विमा, चोरीचा विमा, पुराचा, आगीचा, किल्ली हरवली तर किल्लीचा, टायर फाटला तर टायरचा." थोरला म्हणे, द्या. द्या. तेही द्या. शेवटी विमावाला म्हणाला, "उंदरांचंही एक कव्हर असतं, साहेब, वायरी कुरतडतात ना." तिथं मात्र आमच्या पोराला व्यवहार आठवला! "छे! आमची गाडी दारातच असते, डोळ्यांसमोर. उंदीर कुठून येणार?" सगळं घेतलं आणि तेवढं सोडलं. आणि जाता जाता तो विमावाला आमच्या नशिबात बिब्बा घालून गेला हो! म्हणाला, "साहेब, वर्षभर एकही क्लेम केला नाही, तर बोनस मिळतो." झालं! हे ऐकल्यावर थोरल्याचा चेहरा असा झाला, जणू शाळेत पहिला नंबर येणार. आणि पहिला नंबर यायचा खात्रीचा उपाय काय? परीक्षेलाच बसायचं नाही! गाडी बाहेर काढली तरच घासणार ना?

मग कारणं काय हो, एकेक! ऊन आहे, रंग उडेल. पाऊस आहे, बुडाला गंज येईल. ऊनही नाही, पाऊसही नाही, तर "आई, अशा हवेत सगळेच गाड्या काढतात, रस्त्यात कुणीतरी ठोकेल." दारातली गाडी उचलून इमारतीच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली नेऊन उभी केली, वर जाड कव्हर, कव्हरला दोऱ्या, दोऱ्यांना गाठी. हा रोज कामावरून आला की कव्हरवरनंच हात फिरवतो. बायकोच्या पाठीवर कधी फिरवला नाही!

तिकडे वन्संचा फोन. "अरे, नाक आता नाही दिसत. पण तू कुठला आणि भिंत कुठली, एवढं कळेल अजून. ये."

हे फोन ठेवून खुर्चीत बसले ते बसलेच. पिशवी कोपऱ्यात तशीच. सून बिचारी शहाणी, ती म्हणाली, "अहो, भाड्याची गाडी करू ना, सकाळी निघू, दिवे लागायच्या आत परत." थोरला असा भडकला! "दारात स्वतःची गाडी असताना भाड्याची? लोक तोंडात शेण घालतील!" हे हळूच म्हणाले, "घालू देत. मी तोंड पुसून ताईकडे जाईन." पण ऐकतो कोण!

शेवटी एकदा मीच पदर खोचला. म्हटलं, "आज निघाला नाहीस, तर मी ह्यांना पाठुंगळीला मारून चालत नेते." घाबरला. मी करीन, हे त्याला ठाऊक आहे. दोऱ्या सोडल्या, कव्हर निघालं, टोप्या निघाल्या, कुलपं निघाली. आम्ही दोघांनी ह्यांना पुढच्या सीटवर बसवलं, न वाकणारा पाय आधी, मग हे, मग दुसरा पाय. हे टॉवेलवर, टॉवेल कव्हरवर, कव्हर प्लास्टिकवर... चर्र चर्र आवाज करत ताठ बसले. पिशवी मांडीवर. ह्यांनी दाढी केली होती हो. ज्या बहिणीला दिसणार नाही तिच्यासाठी दाढी.

थोरल्यानं किल्ली फिरवली. टक.

परत फिरवली. टकसुद्धा नाही.

मेकॅनिकला बोलावलं. जाडजूड, तोंडात शिट्टी. बॉनेट उघडलं आणि शिट्टी बंद! आत उंदराचं घरटं. आणि कशाचं केलेलं? थोरल्याच्या पिवळ्या पुसायच्या फडक्याचं! मऊ मऊ फडकं नीट फाडून अंथरलेलं, आणि उशाला वायरी. सायरननं बॅटरी पिऊन टाकलेली, हँडब्रेक ओढून ठेवला तो चाकाला चिकटलेला, उभं राहून राहून टायर खाली चपटे. मेकॅनिक म्हणाला, "साहेब, इतकं नवं भंगार मी पहिल्यांदाच बघतोय."

थोरला धावला विम्याकडे. तिथून आला तपासनीस, चष्मा कपाळावर. माझ्या देखत झालेलं बोलणं सांगते.

"अपघात कुठं झाला?"

"इथंच."

"कशावर आदळली?"

"कशावरच नाही."

"वेग किती होता?"

हे पुढच्या सीटवरनंच म्हणाले, कारण त्यांना उतरवायचं आम्ही विसरलो होतो, "साहेब, वेगाचं म्हणाल तर उंदीर बराच जोरात असावा."

तपासनीस म्हणाला, उंदरांचं कव्हर तुम्ही घेतलेलं नाही, काही मिळणार नाही. आणि गेला. थोरला पायरीवर बसला. मोठा घोडा झालाय, पण बसला तो अगदी लहानपणी खेळणं तुटल्यावर बसायचा तसा. म्हणाला, "आई, मी तर किती जपली गं! साधा ओरखडा नाही अंगावर." ओरखडा खरंच नव्हता.

गाडी दुरुस्तीला गेली. सुटा भाग येणार येणार म्हणता येईना. त्यात वन्संचा फोन आला. आवाज अगदी मोकळा, हसरा. "अरे, आता घाई करू नका. गेली नजर. आता कधीही आलात तरी मला सारखंच."

हे "बरं ताई" म्हणाले. आणि पिशवीतले कपडे काढून कपाटात ठेवले, घड्या न मोडता.

आता गाडी नीट झालीय. मग गेलो का, विचाराल. कसे जाणार? "आई, नुकतं ऑपरेशन झालंय तिचं, लगेच घाटात कशी नेऊ? एवढ्या मरणातून वाचली, आता तरी गाडीला काही होता कामा नये!" पण मेकॅनिकनं बजावलंय, उभी ठेवलीत तर आठवड्यातून एकदा इंजिन चालू करायचंच. म्हणून दर रविवारी थोरला कव्हर काढतो, आणि रिकामी गाडी कशी सुरू करायची म्हणून आम्हाला आत बसवतो. सून आणि मी मागं, हे पुढं. पट्टे लावायचे, बरं का, त्यात हयगय नाही. इंजिन घुरघुरतं, समोर पत्र्याची भिंत, थोरला दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून आरशात मागचं बघतो. मागं कुणी नसतं. थोड्या वेळानं बंद करतो, आम्ही उतरतो, दारं हळू लावतो.

परवा हे पट्टा लावून बसले, मान मागं टेकली, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "ताईचं गाव आलं की उठव गं."

मी म्हटलं, "झोपा तुम्ही निवांत."