हळदीचं ऊन

— अर्धंच ऐकलं मी, तेच तर सांगून राहिली. आमची अन् धनश्रीच्या घरची भिंत एकच. ती आईले म्हणे, ‘हळदीचे फोटो होऊ दे, मग मी चालली—’ अन् तेवढ्यात माझ्याच कुकरची शिट्टी. आता रविवारी लग्न अन् नवरी म्हणते मी चालली, तर काय समजावं माणसानं? मी कोणाले नाही सांगितलं. फक्त समोरच्या केसरबाईले. अन् चक्कीवर, तिथं विषयच निघाला म्हणून. काल संध्याकाळी पाहते तर तिचा काका रवींद्र दारात खुर्ची टाकून बसला, पोरीचा मोबाइल बी काढून घेतला.

बसा ना फोटोवाले भाऊ, अंगणातलं ऊन कुठं पळून नाही चाललं. चहा घ्या. तुमचं काम चांगलंच असंल, मी कुठं नाही म्हणते— पण हळद होती शनिवारी संध्याकाळी. तुम्ही म्हणलं, बल्बात पिवळं दिसत नाही, सकाळी नऊचं ऊन पाहिजे, अन् नवऱ्याकडच्या सौसरवाल्या पाहुण्यांनी बी मान डोलावली. हळद आली उद्यावर, शुक्रवारी. तुम्हाले ऊन भेटलं. पण एकदा हळद लागली का नवरी घराबाहेर पाऊल नाही टाकत आमच्यात, अन् शनिवारी सकाळी छिंदवाड्याले तिचा मास्तरकीचा पेपर. दोन वर्षं अभ्यास केला पोरीनं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मलेच अर्धं पाठ झालं. पेपर देऊन चारपर्यंत परत यायचं, मग हळद, असं सगळं ठरलेलं होतं. आज सकाळी कढीपत्त्याच्या निमित्तानं गेली मी, तेव्हा खिडकीतून तिनंच सांगितलं. हळद लागली तरी पेपरले चालली, असं म्हणत होती ती. पळून नाही.

आता मी काही बोलायले गेली तर रवींद्र म्हणते, वहिनी, तुम्हीच तर सांगितलं. तुमचं ऐकतील ते. तुम्ही तिच्या घरचं अंगण पाहिलं दुपारी. सकाळी माझ्या या घराची सावली पडते तिथं, दहापर्यंत हटत नाही, मग एकदम कडक ऊन, मी रोज पाहते. तेवढंच सांगा. हळद शनिवारच्या संध्याकाळीच बरी, ऊन उतरायच्या आत, म्हणा. खोटं काहीच नाही त्यात.

माझं विचारता? माझा एकच फोटो आहे लग्नाचा. रडून राहिली त्यात. सासरचे म्हणत, माहेर सुटलं म्हणून रडते. त्याच दिवशी सकाळी दहावीचा भूमितीचा पेपर होता, अन् हळद लागली होती. कोणाले सांगते?

काय म्हणलं? पेपर देऊन ती येईल ना परत?

विचारलं होतं मी. दोनदा विचारलं. तिनं खिडकीतून कढीपत्ता दिला, जास्तच दिला, अन् खिडकी लावून घेतली.

राहू द्या तो कप, मी नेते. जा तुम्ही. सावलीचं सांगा पहिले.