उजवी कळी

न्हाय, आत जायचं न्हाय. इथंच बस, बोंबील वाळतायत त्यांच्या सावलीला — आणि वासाला नाक मुरडू नको, कोळ्याचाच पोर हायेस तू, आगबोटीवर खलाशी झालास म्हणून नाक काय नवीन मिळालं? रतन घरात न्हाय. टेकडीवर गेलीय, आईच्या देवळात, कौल लावायला. व्हय, सुनेला मीच पाठवलं. मीच जायचो, पण हा पाय बघ — पाकट माशाचा काटा शिरला, गुडघ्यापर्यंत सुजलाय, एक पायरी चढवत न्हाय. नायतर माझ्या घरचा कौल मी दुसऱ्याला लावू देत न्हाय.

आता ‘कोंडाजीबाबा, यंदा तरी’ म्हणू नको. कशाला आलास ते ठाऊक हाय मला. रेवदंड्याला बोटीतून उतरून उन्हातनं चालत आलास, ते काय माझा पाय बघायला? तुझी बायको वारली, माझा सदा वारला, रतनला तू पसंत हायेस, आपल्या कोळ्यांत विधवेचा पाट लागतो — कुणाची ना न्हाय, बाळाजी. माझी तर मुळीच न्हाय. मी काय तिला बांधून ठेवलीय? हे दार उघडं हाय. पण आईनं सांगितल्याबिगर या घरातलं माणूस उंबरा ओलांडत न्हाय. ती जा म्हणाली की जायचं, थांब म्हणाली की थांबायचं. त्यात अवघड ते काय? — थांबणं अवघड, व्हय. तुम्हा पोरांना ते जमायचं न्हाय. तुमची आगबोट भोंगा वाजला की सुटते. देवीला भोंगा न्हाय.

तुमच्या किहीमला कसा लावतात कोण जाणे. इथं बुधाजी गुरव चाफ्याच्या दोन कळ्या पाण्यात बुडवतो, देवीच्या दोन खांद्यांना चिकटवतो, आपण सवाल घालायचा आणि गप बसायचं. आधी उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. माझा सवाल एकच — ‘रतनचा पाट लावून देऊ का?’ तू पहिल्यांदा आलास तेव्हा डावी पडली. तुला सांगितलं, थांब. पुढच्या खेपेलाही डावी. पुन्हा सांगितलं, थांब. मी काय मनचं सांगितलं? मलाही वाटलं होतं, पोरगी मार्गी लागावी. पण वाटण्याला काय किंमत? ऐकणारा तो, जो मनाविरुद्ध ऐकतो.

मग? — मग उजवी पडली.

बस खाली. बस म्हटलं ना. लपवलं कशाला म्हणतोस, तू विचारलंस कुठं? मी थांब म्हटलं, तू थांबलास. आणि ती पडली ती वाऱ्यानं पडली. बुधाजीनं देवळाचं दार सताड उघडं टाकलेलं, पश्चिमेचा वारा थेट देवीच्या खांद्यावर — तो काय कौल? वाऱ्याच्या शब्दावर मी सून देऊन टाकू? पुढच्या खेपेला पुन्हा उजवी. तेव्हा पाल होती. या डोळ्यांनी पाहिली, तिची शेपटी लागली कळीला. बुधाजी म्हणतो पाल भिंतीवर होती — अरे, भिंत कुठं आणि खांदा कुठं, हातभर तर अंतर! आणि दिवाळीला बुधाजी स्वतःच शिंकला. तो शिंकतो म्हणजे जंजिऱ्यावरची तोफ सुटते. पडली कळी. वर मलाच म्हणतो, ‘कोंडाजी, देवीनं अजून किती वेळा सांगायचं?’ मी म्हटलं, स्वच्छ सांगेल तेव्हा ऐकेन. गढूळ ऐकायची मला सवय न्हाय.

म्हणून यंदा बंदोबस्त केलाय. दार लावून घ्यायचं, खिडकीला गोणपाट. पाली आधी झाडूनं हुसकायच्या. बुधाजीच्या तोंडावर फडकं. सगळं रतनला पढवून पाठवलंय, आणि ती सांगितल्यातलं टीचभर चुकायची न्हाय. सकाळी म्हणाली, ‘मामा, तुमचा पाय बरा होईस्तोवर पावसाळा लागेल, मी जाते.’ एवढंच. जास्त बोलतच न्हाय ती. मासळीची पाटी घेऊन मुरूडच्या बाजारात जाते, येते, चूल पेटवते. आत भांडं वाजलं की कळतं, आली. ते जाऊ दे.

काय म्हणालास? माझ्या भाकरीची काळजी तू करू नको. चूल मलाही पेटवता येते. पेटवलीय एकदा. घरभर धूर झाला, मी खोकत बाहेर आलो, तर ती हसली. सदा गेल्यावर पहिल्यांदा हसली, म्हणून ध्यानात राहिलं — चूल कुणाची अडत न्हाय, एवढंच सांगायचं होतं.

तू मला थांबणं शिकवतोस? तू थांबलास म्हणजे काय केलंस, बोटीवर पगार घेत फिरलास. थांबणं मी पाहिलंय. सदाचा ताप उतरेना तेव्हा रतन म्हणाली, ‘अलिबागला इस्पितळात नेऊ, मामा, दक्षिणेचा वारा हाय, शीड चढवलं की दिवस मावळायच्या आत पोचू.’ होडी तयार, माणसं तयार. मी म्हटलं, आधी कौल. गेलो, सवाल घातला — ‘नेऊ का?’ डावी पडली. न्हाय म्हणजे न्हाय. खाली आलो, शीड उतरवायला लावलं. ती माझे पाय धरून रडली, वाडीतली माणसं तोंडावर बोलली. मी हललो न्हाय. आईची वेळ आईला ठाऊक. पहाटे सदा गेला. एकुलता एक. मी आईला एका शब्दानं विचारलं न्हाय, का म्हणून. याला ऐकणं म्हणतात, बाळाजी. तुम्हाला कळी पडायच्या आधी पाटाची साडी घ्यायची घाई.

असा काय बघतोस?

कसला वारा? मी कधी म्हटलं? — मी न्हाय, ती म्हणाली. दक्षिणेचा वारा हाय असं ती म्हणाली. बाईमाणसाला शिडातलं काय कळतं! आणि असला तर समुद्रावर असेल. देवळात न्हवता. दार — दाराचं मला आठवत न्हाय. उघडं असलं तरी काय? वारा न्हवता. झावळी हलत न्हवती. मी होतो तिथं, तू न्हवतास. बुधाजीला कशाला विचारायचं? बुधाजीला विचारायचं न्हाय. कुणालाच विचारायचं न्हाय. ती देवीनं पाडली. डावी. स्वच्छ.

पाणी हवं तर त्या माठातलं घे. मला नको.

ती बघ, उतरतेय. तिकडं न्हाय, माडांच्या डावीकडनं बघ. सावकाश येतेय. डावी पडली की बुधाजी ती समुद्रात भिरकावतो, उजवी पडली तर सवाल घालणाऱ्याच्या हातावर ठेवतो — हातात काही दिसतं? रिकामे हायेत. दोन्ही रिकामे. सांगितलं न्हवतं तुला? घाई करून काय —

थांब. अंबाड्यात काय ते? पांढरं. माझे डोळे उन्हानं दिपलेत, तू बघ.

चाफा.

सदा गेल्यापासून त्या केसांत फूल चढलं न्हाय.

आता का बसून राहिलास? इतका वेळ तर चुळबुळत होतास. — काय? पुन्हा लावू म्हणतोस? पाय बरा झाला की मी माझ्या हातानं लावायचा, तू पावसाळ्यानंतर येशील? माझ्यावर दया करतोस व्हय रे? न्हाय. पुन्हा न्हाय. ही कळी पुन्हा विचारली तर सदाच्या वेळची तीही पुन्हा विचारावी लागेल, आणि ती मी विचारणार न्हाय. दार बंद होतं. पाली हुसकल्या होत्या. देवीनं दिलीय. तिनंच दिली, दोन्ही वेळा तिनंच, कळलं तुला? वारा बिरा काही नसतं तिच्या देवळात.

ऊठ. ऊठ म्हणतो ना. तिला इथवर येऊ देऊ नको, खालीच गाठ. पाया पडायला आणू नको, मला वाकून आशीर्वाद देता येत न्हाय, पाय दुखतो. तसंच बोटीवर चढा. कपडे मी पाठवून देईन कुणाबरोबर.

अरे, बघतोस काय माझ्या तोंडाकडं? जा.